उपाशी घोड्याला पोटभर चंदी घालू नका!

‘सुटका केलेले घोडे-गाढवं घरी सांभाळा, अगदी सोपं आहे’ असा पाच मुद्द्यांचा मेसेज सगळीकडे फिरतोय. काल तो भाचीने पाठवला आणि खाली विचारलं, ‘मावशी, शनिवारी गाढव आणायचंय, एवढं पुरेल ना?’ नाही पुरणार. यातला पहिलाच मुद्दा पाळला तर जनावर दगावेल.

तो असा: ‘उपासमारीतून आलेल्या जनावराला पहिल्या दिवसापासून पोटभर चंदी द्या, लवकर अंग धरेल.’ चंदी म्हणजे धान्याचा खुराक.

चूक, आणि जीवघेणी चूक. फार दिवस उपाशी राहिलेलं शरीर आधी अंगावरची चरबी जाळतं, मग स्नायू. फॉस्फरस, मॅग्नेशियम, पोटॅशियमचा साठा पार खालावलेला असतो. अशात धान्य पोटात गेलं की पिष्टाची साखर होते, इन्सुलिन उसळतं आणि रक्तात उरलेसुरलेले हे क्षार पेशींत ओढले जातात. मग हृदय, श्वास, मूत्रपिंडं निकामी होऊ लागतात. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. पहिले दोन दिवस घोडा हपापून खातो, डोळ्यांत तेज येतं, घरचे खूश होतात. कोसळतो तो साधारण तिसऱ्या ते दहाव्या दिवसात. दोष मग उपासमारीला जातो, चंदीच्या घमेल्याकडे कोणी बघत नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी सापळा झालेल्या घोड्यांवर वेगवेगळे आहार ताडून पाहिले. सरस ठरली ती नुसती वाळवलेली लसूण घास (ल्यूसर्न, म्हणजेच अल्फाल्फा): पिष्ट कमी, फॉस्फरस आणि मॅग्नेशियम चांगलं. त्यांचं वेळापत्रक असं: पहिले तीन दिवस दर चार तासांनी सुमारे ४५० ग्रॅम, म्हणजे दिवसाला २.७ किलो. रात्रीची पाळीसुद्धा चुकवायची नाही. चौथ्या दिवसापासून घास हळूहळू वाढवायची, वेळा कमी करायच्या; सहाव्या दिवशी दर आठ तासांनी जवळपास दोन किलो. दहा दिवसांनंतर दोन वेळा, खाईल तेवढी. पाणी कायम समोर. चंदीचा विचार अंग बऱ्यापैकी भरल्यावर. वजन पूर्ववत व्हायला तीन ते पाच महिने लागतात, घाई करून ते लवकर होत नाही. घास ताणकाट्यावर तोला, ओंजळीच्या अंदाजाने नको. आणि हे माप पूर्ण वाढीच्या घोड्याचं आहे. गाढवाचं डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

‘गाढव काहीही खातं आणि आजारी पडत नाही.’ यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करावं लागेल: गाढव निकृष्ट चाऱ्यावर तगतं. पण म्हणूनच हिरव्यागार कुरणावर मोकळं सोडलं तर ते लठ्ठ होतं आणि खुरांच्या आतला थर सुजून लंगडं होतं. त्याचा मुख्य आहार पेंढा. आणि ‘आजारी पडत नाही’ म्हणजे काय, तर दुखणं दाखवत नाही. बेचैन गाढव तोंड गव्हाणीत घालून जबडा हलवत राहतं, पण चारा तेवढाच राहतो. म्हणून चारा टाकताना तोला आणि उरलेलाही तोला. खाणं सुटलं की अंगातली चरबी रक्तात उतरते आणि यकृत निकामी होऊ शकतं. गाढवाने एक दिवस खाल्लं नाही तर ‘उद्या बघू’ म्हणू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.

तिसरा मुद्दा, ‘एकच आणा, खर्च कमी.’ गाढवं जोडीने जगतात. जोडीदार तुटला की त्या धक्क्यानेच खाणं सुटतं आणि वर सांगितलेलं दुष्टचक्र सुरू होतं. जोडीतलं एक मेलं तर दुसऱ्याला त्याचं शव हुंगू द्यावं, शोधत फिरणं कमी होतं.

चौथा, ‘नाल मारायची गरज नाही, खुरांकडे बघावं लागत नाही.’ नाल बऱ्याच जनावरांना नसली तरी चालते, हे खरं. पण खूर दर सहा ते दहा आठवड्यांनी कापावेच लागतात. मोजडीसारखे वर वळलेले खूर एका बैठकीत छाटू नका. टप्प्याटप्प्याने, शक्य तर एक्स-रे बघून. रोज खुरातली घाण आकड्याने काढा. तळव्यातल्या त्रिकोणी मऊ भागाला कुजका वास आला तर जागा ओली राहतेय, आधी ती कोरडी करा.

‘आल्या आल्या बाकीच्यांत सोडा’ याबद्दल एवढंच: निदान दोन-तीन आठवडे वेगळं ठेवा, बादली आणि खरारा (अंग घासायचा ब्रश) हेही वेगळे. लेंडीची जंततपासणी करून घ्या. गाढवाच्या फुप्फुसातले जंत त्याला सहसा काही करत नाहीत, घोड्याला मात्र खोकला लावतात.

तर भाचीबाई, शनिवारच्या आधी गाढव देणाऱ्या संस्थेला विचार की त्याचा जोडीदार कोणता आणि दोघं मिळतील का. येताना तिथे खात होतं त्याच चाऱ्याच्या आठवडाभराच्या पेंढ्या मागून घे आणि नवा चारा त्यात रोज थोडा थोडा मिसळ.