तुमच्या ओळखीचा कुणी वकील आहे का?

पुण्यात कायद्याची मदत हवी असेल तर एक पथ्य पाळा. जिथे ती मिळते तिथे सुरुवातीला अजिबात फिरकू नका. न जाणो, काम होऊन जायचं. त्यापेक्षा सोसायटीच्या ग्रुपवर टाका, "कुणाच्या ओळखीचा चांगला वकील आहे का? अर्जंट." कशासाठी हवाय ते लिहू नका. घटस्फोट, सातबारा, चेक बाउन्स, भाडेकरू, सगळ्याला वकील एकच चालतो. दहा मिनिटांत तीन नंबर येतील. त्यातला एक प्लंबरचा असेल.

ही विद्या मी गेल्या दोन महिन्यांत कमावली आहे. माझी मावशी कर्वेनगरला चार वर्षं भाड्यानं राहत होती. वय चौसष्ट, काका जाऊन सहा वर्षं झाली. घर सोडलं तेव्हा साठ हजार डिपॉझिट मालकाकडे होतं. "मावशी, जरा रंगाचं बघतो आणि देतो," म्हणाले. रंगाचं ते अजून बघतायत. अ‍ॅग्रीमेंट रीतसर रजिस्टर झालेलं. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला होता. मावशीचा अंगठा काही केल्या उमटेना. भांडी घासून रेषा गेल्यात म्हणाला, मग व्हॅसलीन लावून पाचव्यांदा उमटला. तो एजंट तेव्हा दिवसातून चार फोन करायचा. आता मावशीचा नंबर बघून उचलत नाही.

असो. सल्ल्यांकडे वळू.

नातेवाइकांत एलएलबी झालेला कुणीतरी असतोच, त्याला गाठा. तो आता बँकेत कर्जविभागात आहे हे मनावर घेऊ नका.

इंटरनेटवर शोधा. वकिलांनी जाहिरात करू नये असा बार कौन्सिलचा नियम आहे, पण 'पुण्यातले टॉप टेन वकील' तुम्हाला हमखास सापडतील. व्हिडिओही बघा. दिल्लीतला एक गृहस्थ डिपॉझिट कसं वसूल करायचं ते फार सुंदर समजावतो. महाराष्ट्राचा भाडे नियंत्रण कायदा वेगळा आहे, १९९९ चा आहे, हे तो सांगत नाही. तुम्हीही विचारू नका.

ऑनलाइन पैसे गेले तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन लावायची घाई नको. आधी स्क्रीनशॉट ग्रुपवर टाका आणि कोण हळहळतंय ते बघा.

पोलीस चौकीत जरूर जा. आम्ही गेलो. समोरच्या हवालदारांनी अर्ज उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "हे सिव्हिल मॅटर आहे." खरं सांगायचं तर त्यांचं चूक नव्हतं. मावशीनं विचारलं, "मग सिव्हिल कुठे असतं?" ते म्हणाले, "कोर्टात." कोर्टात कुठे, कुणाकडे, कुठल्या मजल्यावर? "तिथे गेल्यावर कळेल." तिथे गेल्यावर फाटकातच दोघांनी विचारलं, "नोटरी का? अ‍ॅफिडेव्हिट?" मावशी घाबरून नोटरी करून आली. कसलं ते तिलाही नीट सांगता येत नाही.

पण या सगळ्याहून मोठा सल्ला हा, की बी विंगमधल्या निवृत्त साहेबांना विचारा. प्रत्येक सोसायटीत एक असतात. आमचे साहेब चौतीस वर्षं सरकारी खात्यात होते. कुठल्या, ते कधी कळलं नाही. मावशी त्यांना जिन्यात भेटली. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "फुकट वकील मिळतो सरकारचा. पण उत्पन्न तीन लाखांच्या आत पाहिजे. आधी दाखला काढा." किती छान! अगदी आकड्यासकट! माणूस आकडा सांगतो तेव्हा खोटं थोडंच बोलतो? मी शेजारीच उभी होते. मीसुद्धा मान डोलावली. "हो हो, दाखला लागतोच." मला काय माहीत होतं? काहीही नाही. पण जिन्यात उभं राहून गप्प बसणं आपल्याला जमतं का?

मग सेतू केंद्र. रेशनकार्डाची झेरॉक्स, लाइटबिल नव्या घराचं की जुन्या, फॅमिली पेन्शनची स्लिप, फोटो, स्वयंघोषणापत्र. एकदा सर्व्हर डाउन, एकदा मावशीच्या नावात 'बाई' आहे की नाही यावरून अर्ज परत. तीन आठवड्यांनी दाखला आला. उत्पन्न तीन लाख बेचाळीस हजार. साहेबांनी जिन्यातच निकाल दिला, "अरेरे. नाही बसत तुम्ही." बेचाळीस हजारांनी साठ हजार गेले. मावशीनं तो दाखला एलआयसीच्या पिशवीत ठेवला आणि विषय सोडला.

पुढचं सांगायला मला लाज वाटते. मावशीकडे भांड्याला येणाऱ्या शोभाताई एक दिवस म्हणाल्या, "बायकांना कुठं उत्पन्न बघतात? माझ्या पोरीची पोटगीची केस सरकारच्या फुकट वकिलाकडनंच लढलो की." दोन वर्षं त्या शिवाजीनगरला तारखांना जात होत्या. आम्ही बँकेतला भाचा, दिल्लीचा व्हिडिओ आणि बी विंग सगळं पालथं घातलं, शोभाताईंना कुणी विचारलं नाही.

हा फुकट वकील देणारा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे, लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ ला. त्याच्या कलम १२ मध्ये साफ लिहिलंय: स्त्री असेल, लहान मूल असेल, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती असेल, अपंग असेल, औद्योगिक कामगार असेल, कोठडीत असेल, तर उत्पन्न किती ते बघायचंच नाही. तीन लाखांची अट महाराष्ट्रात आहे, पण ती यात न बसणाऱ्यांसाठी. म्हणजे साहेबांचा आकडा बरोबर होता! अर्धं माहीत असलेला माणूस पूर्ण अडाण्यापेक्षा महाग पडतो तो असा. शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयाच्या आवारात, जिथे मेट्रोचे दोन मार्ग एकमेकांना भेटतात, तिथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. १५१०० हा कायदेशीर मदतीचा नंबर आहे. पाच आकडे, पिझ्झाच्या नंबरापेक्षा सोपे. वकील फुकट, कोर्ट फी नाही, कागदपत्रांचा खर्चही तेच करतात. दावा लावायच्या आधीच दोन्ही बाजूंना लोकअदालतीत बोलावता येतं. तिथे तडजोड झाली तर ती कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी असते आणि तिच्यावर अपील नाही. मावशीचा अर्ज साध्या कागदावर, माझ्याच अक्षरात, पंधरा मिनिटांत झाला. दाखला कुणी मागितला नाही. मावशीनं तरी पिशवीतून काढून दाखवला. "राहू द्या आजी," म्हणाल्या तिथल्या बाई.

आता उपरोध बास. मला संताप आलाय. ज्या चौकीत 'कृपया थुंकू नये' पासून हरवलेल्या कुत्र्यापर्यंत सगळ्याची पाटी आहे, तिथे १५१०० का नाही? सिव्हिल मॅटर आहे म्हणता, तर पुढचं एक वाक्य बोलायला काय होतं? आणि आपण? दाराशी आलेल्या कुरिअरवाल्याला रस्ता माहीत नसला तरी आपण हात वर करून दाखवतो. तो बिचारा दोन गल्ल्या जास्त फिरतो, बस. इथे चौसष्ट वर्षांची बाई तीन आठवडे रांगेत उभी राहिली, त्याचं काय? साहेब, तुम्हाला माहीत नव्हतं तर गप्प बसायचं होतं. मलाही माहीत नव्हतं, मीही गप्प बसायला हवं होतं. तोंड उघडायची एवढी हौस असेल तर आधी एक फोन लावून विचारून घ्यावं माणसानं.

मावशीला लोकअदालतीची तारीख मिळाली आहे, शनिवारची. नोटीस पोचली त्या संध्याकाळी मालकांचा फोन आला, "मावशी, एवढं कशाला केलंत?"

मी एका कागदावर जाड मार्करनं १५१०० लिहून, खाली 'बायकांना उत्पन्नाची अट नाही' असं लिहून लिफ्टमध्ये चिकटवलं. दुसऱ्या दिवशी कागद गायब. त्या जागी छापील सूचना होती: सेक्रेटरींच्या लेखी परवानगीशिवाय लिफ्टमध्ये काहीही चिकटवू नये. खाली सही बी विंगची.