घड्याळाने साखर कळत नाही, काकू

सोसायटीच्या ग्रुपवर महिनाभर फिरणारा मेसेज शेवटी शेजारच्या काकूंपर्यंत पोचलाच. 'साखर मोजायला दोन हजारांचं स्मार्टवॉच बांधा. सुई नाही, स्ट्रिप नाही. आकडा बघून इन्सुलिन ठरवा. दंडावरचे सेन्सर म्हणजे लूट.' काकूंचा प्रश्न एवढाच: 'मग बोट टोचून साखर तपासायच्या स्ट्रिपची डबी आणू नको ना?' आणा. आजच आणा.

आधी ते 'सुईशिवाय'. घड्याळाच्या पाठीवरचे हिरवे दिवे दर ठोक्याला कातडीखालचं रक्त किती कमी-जास्त होतं ते टिपतात. त्यावरून नाडी कळते, साखर नाही. स्वस्तातलं घड्याळ गुंडाळलेल्या टॉवेलवर बांधून बघा, काही तर तिथेही नाडी दाखवतात! अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 21 फेब्रुवारी 2024 रोजी इशारा दिला, की कातडी न टोचता स्वतःहून साखर मोजणाऱ्या एकाही स्मार्टवॉचला किंवा अंगठीला मान्यता दिलेली नाही, ती वापरू नका. ॲप सुरुवातीलाच वय, वजन आणि शेवटची साखर विचारत असेल, तर आकडा कुठून येतो ते ओळखा.

'आकडा बघून इन्सुलिन ठरवा' हे लिहिणाऱ्याला काय म्हणावं? समजा घड्याळ 210 म्हणतंय आणि खरी साखर आहे 95. माणूस चार युनिट जादा घेतो, विरार लोकल पकडतो. बोरिवलीपर्यंत साखर फार उतरून हात थरथरतात, घाम फुटतो. ऑक्टोबरात त्या डब्यात घाम सगळ्यांनाच आलेला असतो, आणि घड्याळ आता 118 दाखवतंय, म्हणजे सगळं ठीक! साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनाही हाच धोका. साखर 70 च्या खाली गेली तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, 15 मिनिटांनी पुन्हा स्ट्रिप लावायची. पेढा नको, खव्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना.

मेसेजसोबत घड्याळावरच्या साखरेच्या आकड्याचा फोटोही होता. तो आकडा कदाचित खराही असेल. दंडावरच्या सेन्सरची बारीक तार कातडीखालच्या द्रवातली साखर मोजते, फोनला पाठवते आणि घड्याळ ती फक्त दाखवतं. म्हणजे टोचणं आहेच, फक्त फोटोत दिसत नाही.

आणि 'लूट'? सेन्सर महाग आहे, हे मान्य. बहुतेक दहा-चौदा दिवसांत बदलावा लागतो, आणि दर वेळी काही हजार जातात. त्याच्या खोडीही आहेत: साखर झपाट्याने बदलत असताना तो काही मिनिटं मागे असतो, आणि रात्री त्याच कुशीवर झोपलं की दाबामुळे खोटी कमी साखर दाखवून अलार्म वाजवतो. त्रास आणि आकडा जुळत नसेल तर बोट टोचूनच खात्री करायची. पण रात्री झोपेत साखर उतरणाऱ्यांना तो अलार्मच वाचवतो.

घड्याळ घेऊन झालंच असेल तर जेवणानंतरची पावलं मोजायला वापरा, चालल्याने साखर खरंच उतरते. स्ट्रिप लावण्याआधी हात साबणाने धुऊन पुसा, बोटाला आंब्याचा रस असला तरी आकडा वर जातो. आणि डबीचं झाकण लगेच लावा, आपल्या पावसाळ्यातल्या दमट हवेत उघड्या स्ट्रिप बिघडतात.