डोक्याला मार लागला तर आधी फॅक्टर
हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, यावरचा एक लेख वाचला. त्यात गुडघे सुजण्याबद्दल भरपूर आहे, मेंदूतल्या रक्तस्रावावर मात्र एकच ओळ. माझा तासगावचा भाचा, त्याला फॅक्टर ८ ची, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या एका प्रथिनाची कमतरता. चार वर्षांचा असताना ओट्यावरून पडला. ना खोक, ना टेंगूळ. लगेच खेळायला लागला. दुसऱ्या दिवशी भाकरीचा घास तोंडात तसाच धरून पेंगायला लागला, मग उलटी. ताईने तडक मिरजेला नेलं. डॉक्टरांनी आधी फॅक्टर दिलं, मग सीटी स्कॅन. पोरगा वाचला. आत रक्त हळूहळू साचतं हो, लक्षणांची वाट बघायचीच नाही! आणि अशा मुलांना अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन कृपा करून देऊ नका. आमच्या घराण्यात आधी कुणालाच हा आजार नव्हता. साधारण तिनातल्या एका रुग्णाच्या घरी असंच असतं.