खुलासा: सेन्सरची बॅटरी एन्क्रिप्शन खात नाही

‘बटन सेलवर चालणाऱ्या वायरलेस सेन्सरमध्ये एन्क्रिप्शन बंद ठेवा, नाहीतर महिन्यात बॅटरी बसते’ असा सल्ला सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे, शिवाय धोक्याचा. (एन्क्रिप्शन म्हणजे माहिती गुप्त संकेतात बदलून पाठवणं.)

झिगबी आणि थ्रेड ही अशा सेन्सरची वायरलेस नेटवर्कं ज्यावर उभी आहेत त्या ८०२.१५.४ या रेडिओ मानकात एईएस-१२८ ही एन्क्रिप्शनची पद्धत वापरतात, आणि बहुतेक रेडिओ चिपमध्ये त्यासाठी वेगळं हार्डवेअरच असतं. जादा खर्च पडतो तो पॅकेट (एका वेळी पाठवलेला माहितीचा तुकडा) लांबल्याचा. सुरक्षेचा हेडर (पॅकेटच्या सुरुवातीला जोडलेली माहिती) आणि ४ बाइटचा पडताळणी कोड मिळून साधारण १० बाइट. २५० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) वेगाने एक बाइट ३२ मायक्रोसेकंदांत जातो, म्हणजे सगळे मिळून ०.३२ मिलिसेकंद!

बॅटरी खातो तो जागा राहिलेला रेडिओ. सीआर२०३२ सेलची क्षमता २२० एमएएचच्या (मिलिअँपिअर-तास) आसपास. नुसता ऐकत बसलेला रेडिओ ५ मिलिअँपिअर ओढत असेल, तर हिशोबाने ४४ तासांत सेल खलास. तेव्हा आधी रेडिओच्या झोपेचं वेळापत्रक तपासा.

सल्ल्यात तथ्य एवढंच, की नेटवर्कमध्ये सामील होताना पब्लिक-की (जाहीर आणि खासगी अशा किल्ल्यांच्या जोडीची एन्क्रिप्शन पद्धत) वापरली तर ती देवाणघेवाण महाग पडते. पण ती रोज होत नाही. (दर तासाला होत असेल तर दुखणं वेगळंच आहे.)

एन्क्रिप्शन चालू केलं की झालं, असंही नाही. झिगबीची ‘झिगबीअलायन्स०९’ ही डिफॉल्ट की (आधीपासून ठरलेली किल्ली) जगजाहीर आहे. आणि फ्रेम काउंटर (पाठवलेल्या पॅकेटांची मोजणी) फ्लॅशमध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, जपून ठेवा. सेल बदलल्यावर तो शून्यावर गेला, तर समोरचं उपकरण नवी पॅकेटं जुनी समजून फेकून देतं, आणि लोक वैतागून एन्क्रिप्शनच बंद करतात.