आधी गार पाणी वत

बेंदराला माहेरी आलेय. आज सकाळी वहिनीबरोबर वैरण आणायला रानात गेले आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. घरात कुणी ऐकून घेत नाही म्हणून इथं लिहितेय. लांबणार आहे, आधीच सांगते.

आमच्या उसाच्या कडेनं एक चर आहे, पावसाचं पाणी त्यातून ओढ्याला लागतं. रविवारी आले तेव्हा त्या चरात बेडूकमासे होते. इतके, की पाणी काळं दिसत होतं. काहींना मागचे पाय फुटलेले, शेपटी अजून तशीच. पुतण्याला दाखवले तर तो तिथंच उकिडवा बसला, जेवायला हाक मारली तरी उठेना. आज गेले तर बांधावरचं गवत शेंड्याकडनं पिवळं पडायला लागलेलं आणि चरात सगळे उताणे. पांढरी पोटं वर. एकाला बोटानं हलवून बघितलं, तो बुळबुळीत होऊन सुटला.

दादाला विचारलं. म्हणाला, सोमवारी बांधाला ग्लायफोसेट मारलं, म्हणजे तणनाशक. पंपाला किती, तर शंभर मिली, त्यात मूठभर युरिया आणि वरनं शाम्पूची एक पुडी, पानाला धरावं म्हणून. संध्याकाळी पाऊस आला. म्हणजे धुऊन सगळं चरातच गेलं ना? "चरातली बेडकाची पिल्लं मेली रे," म्हटलं. तर म्हणाला, "मरतील. पाऊस झाला की परत होत्यात." आणि चहा प्यायला गेला.

मला आजी आठवली. तेव्हापासून डोक्यातनं जाईना.

मी तिसरीत असेन. न्हाणीतल्या मोरीच्या तोंडाशी एक बेडूक राहायचा, कायमचा. दिवसा दगडाखाली, रात्री बाहेर. आजीचा नियम होता, बंबातलं गरम पाणी मोरीत सोडायच्या आधी एक तांब्या गार पाणी ओतायचं. "आधी गार पाणी वत गं, मोरीत जीव असत्यात." गार पाणी आलं की बेडूक सरकतो, मग गरम ओत. एका दिवशी मी घाईत कडकडीत पाणी तसंच ओतलं. बेडूक बाहेर आला तो पाय ताणत. पाठीची कातडी सुटली होती. आजीनं तो पानावर घेतला, केळीच्या बुडाशी ठेवला आणि माझ्याशी त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. मारलं नाही, रागावली नाही. बोललीच नाही. रात्री जेवताना ताट सरकवलं, तेवढंच.

एका बेडकासाठी.

मला वाटतं आजीला ते कळत होतं जे आम्हाला पुस्तकात वाचूनही उमगत नाही. बेडकाची कातडी म्हणजे आपल्यासारखी कातडी नाही. तो तोंडानं पाणी पीत नाही, कातडीतून ओढतो. श्वाससुद्धा बराचसा त्याच ओल्या कातडीतून चालतो. त्याच्या अंड्याला कवच नाही, नुसता चिकट गर. जे पाण्यात आहे ते त्याच्या अंगात आहे, मध्ये आडवं काही नाही. आपण हातमोजे घालून फवारतो (खरं तर तेही घालत नाही, दादा उघड्या पायांनी फिरतो, पण तो वेगळा विषय), आणि त्याला त्यातच राहायचंय.

आणि हे काही माझ्या मनचं नाही. २००५ साली अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठातल्या रिक रेलिया यांनी टाक्यांत छोटी डबकी तयार करून त्यात बाजारात मिळणारं ग्लायफोसेटचंच तणनाशक फवारलं. तीन आठवड्यांत ९६ ते १०० टक्के बेडूकमासे मेले. पाण्यातनं बाहेर आलेल्या लहान बेडकांवर मारलं तर एका दिवसात ७९ टक्के गेले. डोस जास्त होता म्हणून टीका झाली, झाली असेल. पण आमच्या चरात डोस कोण मोजतंय? दादा टोपणानं मापतो.

त्यातही मारक काय निघालं, तर नुसतं ग्लायफोसेट नव्हे. त्यात पानाला चिकटावं म्हणून घातलेलं साबणासारखं द्रव्य, जनावराच्या चरबीपासून काढलेलं. ते बेडूकमाशाच्या कल्ल्यांवर बसतं. कल्ले गेले की पाण्यात असून गुदमरतो. ते द्रव्य घातलेलं ग्लायफोसेट युरोपनं २०१६ मध्ये बंद केलं. आणि आम्ही? आम्ही वरनं आणखी शाम्पूची पुडी फोडतो! सकाळी बांधावर ती रिकामी पुडी पडलेली होती, मी उचलून आणलीय, आत्ता टेबलावर आहे. एक रुपयाची पुडी.

हे लिहिताना हात थरथरतोय.

थांबते जरा. कारण मला माहीत आहे तुमच्यातले गावाकडचे काय म्हणणार. भांगलायला, म्हणजे तण काढायला, बाई मिळत नाही. खरं आहे. चार बायका जमवायच्या तर चार दिवस आधी फोन लावावे लागतात, आणि सकाळी त्यातल्या दोन येतात. माझी आई आयुष्यभर उसात भांगलली. पात्यांनी हात चिरलेले, कंबर गेली ती गेलीच, आता मोरीपर्यंत जाताना भिंत धरते. पहिल्यांदा तणनाशक मारलं त्या वर्षी ती ओसरीवर बसून म्हणाली होती, "देवानं ऐकलं." तिला मी काय सांगू? तिच्यापुढं मी गप्पच बसते. तण काढायला बायकांनीच वाकायचं, हे मला परत नकोय.

पण म्हणून बांध, चर, ओढ्याचा काठ, विहिरीची कड, सगळंच जाळायचं? बांधावर ऊस नसतो! बांधावर हरळी असते, केना असतो, पाथरी असते, जी म्हशीला चालते आणि आजीच्या वेळी आपल्यालाही चालायची. बांधावर कशाला मारता? "स्वच्छ दिसतं" म्हणून. हेच उत्तर मिळालं मला आज. स्वच्छ दिसतं. पिवळा, मेलेला बांध म्हणे स्वच्छ.

बरं, बांधाचं राहू द्या. आत सरीत काय आहे? उसाची आडसाली, म्हणजे दीड वर्षाची, लागण जुलैत. लागण झाली की दोन-तीन दिवसांत ओल असताना ॲट्राझिन, तेही तणनाशकच. पुढं टू-फोर-डी, आणखी एक तणनाशक. मक्यालाही पेरणी झाली की ॲट्राझिन. आणि बेडकाची वीण कधी? याच महिन्यात! पहिल्या मोठ्या पावसात सोनबेडूक बाहेर पडतात, नर हळद लागल्यागत पिवळेजर्द होतात, गळ्याच्या दोन्ही अंगाला निळ्या पिशव्या फुगतात. लहानपणी रात्री घरापर्यंत आवाज यायचा, वडील म्हणायचे आता पेरायला हरकत नाही. त्या बेडकांना अंडी घालायला साचलेलं पाणी लागतं, आणि ते साचतं आमच्या सरीत. म्हणजे नेमक्या त्याच आठवड्यात, नेमक्या त्याच पाण्यात.

ॲट्राझिनचं ऐका. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे टायरोन हेज यांनी २०१० साली छापलेलं. नर बेडूक लहानपणापासून अशा पाण्यात वाढवले ज्यात अब्जात अडीच भाग ॲट्राझिन होतं. म्हणजे काहीच नाही म्हणावं एवढं. त्यातले बहुतेक नर प्रजननाच्या कामाचे उरले नाहीत, आणि दहातला एक चक्क मादी झाला. दिसायला नव्हे, खरी मादी. दुसऱ्या नराशी जोडी लागून अंडी घातली. त्या अंड्यांतनं निघाले सगळे नरच. असा प्रकार चार पिढ्या चालला तर डबक्यात काय उरणार? ॲट्राझिन बनवणाऱ्या कंपनीच्या पैशानं झालेल्या अभ्यासांत असं दिसलं नाही आणि अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानंही २००७ मध्ये आणखी चाचण्या नकोत म्हटलं, हेही सांगून टाकते, नाहीतर कुणीतरी खाली येऊन सांगेलच. युरोपनं मात्र २००४ मध्ये ॲट्राझिन बंद केलं, भूजलात उतरतं म्हणून. विहिरीच्या पाण्यात. आम्ही विहिरीचं पाणी पितो.

आपल्याकडे २०२० च्या मे महिन्यात केंद्रानं शेतीत फवारायची २७ औषधं बंद करायचा मसुदा काढला होता. ॲट्राझिन त्यात होतं, टू-फोर-डी होतं. २०२३ ला अंतिम आदेश आला तेव्हा मोजकीच बंद झाली, ही दोन्ही सुटली. ग्लायफोसेटबद्दल २०२२ च्या ऑक्टोबरात आदेश निघाला, की पेस्ट कंट्रोलवाल्यानंच मारायचं, दुसऱ्या कुणी नाही. आमच्या गावात असा माणूस आजवर कुणी बघितलेला नाही. दुकानात बाटली कुणी विचारत नाही कशाला पाहिजे. दादाला तर असा आदेश आहे हेच माहीत नव्हतं. आज मी सांगितलं तर म्हणाला, "मग दुकानात कशी मिळती?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही आणि त्याच्यावरचा माझा अर्धा राग तिथंच गेला. त्यानं चोरून काही केलेलं नाही. त्याला कुणी सांगितलंच नाही.

आठवतंय का, बेडकाच्या तंगड्या परदेशी पाठवणं आपल्या देशानं १९८७ मध्ये बंद केलं. बेडूक कमी झाले आणि किडी वाढल्या, हे तेव्हा सरकारलाही पटलं होतं. रात्रभर रानात बसून किडे खाणारा तो गडी, एक पैसा मजुरी न घेणारा. तेव्हा पोत्यात भरून नेणारे दिसत तरी होते.

काल रात्री मुद्दाम ओसरीवर बसले. दिवसभर पाऊस झालेला, चिखल, गारवा, सगळं जसंच्या तसं. रातकिडे होते. लांब पंपाचा आवाज. ओढ्याकडनं दोन-तीन बारके बेडूक ट्रिक ट्रिक करत होते. तो खर्जातला, छातीत घुमणारा आवाज एकदाही नाही. सगळं तणनाशकानंच झालं असं मी म्हणत नाही, ओढाही आता पूर्वीचा नाही आणि पाऊसही नाही. पण पुतण्या नऊ वर्षांचा आहे, उसाच्या वस्तीवर जन्मलाय, आणि त्यानं तो आवाज मोबाईलवर ऐकलाय.

त्यानं आज मला विचारलं, "आत्या, ते पाय आलेले पण मेले का?" हो म्हटलं. तो काही बोलला नाही. मग दुपारी बघितलं तर बादली घेऊन शेजारच्या पडक्या रानातल्या डबक्याकडं गेलेला. तिथले बेडूकमासे आणून घरामागच्या दगडी डोणीत सोडलेत. त्यांना काय खायला घालायचं म्हणून विचारतोय. शेवाळ खातात म्हटलं, तर डोणी घासू नका म्हणून आजीला, म्हणजे माझ्या आईला, बजावून आलाय.

मी संध्याकाळी हातपाय धुवायला गेले. बंब गेला, आता गिझर आहे. मोरीला प्लॅस्टिकचा पाइप, तोंडाला जाळी. बेडूक यायला वाटच नाही. तरी गरम पाणी सोडायच्या आधी माझ्या हातानं एक तांब्या गार पाणी ओतलंच. आजी जाऊन एकोणीस वर्षं झाली.

जेवताना दादाशी परत बोलले. भांडायचं नाही ठरवून. म्हटलं, उसात काय करायचं ते तुझं तू ठरव, मला शेतीतलं तुझ्याइतकं कळत नाही. पण चराच्या दोन्ही अंगाला आणि ओढ्याकडच्या बांधाला मारू नकोस. गवत वाढलं तर कापून म्हशीला घाल. दोन बायका लाव, पैसे मी देते. तो बराच वेळ भाकरी कुस्करत बसला. मग म्हणाला, "ओढ्याकडचा सोडतो. चराचं बघू. पैसे नकोत तुझे."

एक बांध. एवढंच मिळालं आज.

मी रविवारपर्यंत इथंच आहे. शनिवारी सकाळी खुरपं घेऊन चराकडं जाणार आहे, लव्हाळा निघतो का बघते. आईला सांगितलं तर तिनं कोनाड्यातलं तिचं जुनं खुरपं काढून दिलं. मूठ गुळगुळीत झालीय, तिच्या बोटांची जागा पडलीय त्यावर. म्हणाली, ओल असताना जा, मुळासकट येतं.