कराकसचा बँकर आणि त्याला जामीन देणाऱ्या न्यायाधीश

एलिजियो सेदेन्यो हे नाव आपल्याकडे कुणाच्या कानावर असण्याचं कारण नाही. व्हेनेझुएलातला बँकर. राजधानी कराकसच्या पूर्वेला पेतारे नावाची वस्ती आहे, डोंगरउतारावर एकावर एक चढत गेलेली विटांची घरं, लॅटिन अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या गरीब वस्त्यांपैकी एक. हा तिथे वाढला. लहान वयात बँकेत उमेदवारी करायला लागला, चढत चढत बांको कानारियासच्या वरच्या खुर्चीत बसला, बोलिवार बांको ही स्वतःची बँक केली. चाळिशी ओलांडली तेव्हा देशातल्या बड्या धनिकांत गणला जात होता. आणि फेब्रुवारी २००७ मध्ये तो तुरुंगात गेला.

व्हेनेझुएलाचा विषय निघाला की आपल्याकडे दोन पक्ष लगेच मैदानात उतरतात. एकाच्या मते समाजवादाने देश बुडवला, दुसऱ्याच्या मते अमेरिकेने. दोघांकडेही सांगण्यासारखं काही ना काही आहे, मी ते नाकारत नाही. पण माझी बरीचशी नोकरी बँकेत आयातीची कागदपत्रं तपासण्यात गेली, त्यामुळे माझं लक्ष आधी जातं ते डॉलर जिथून सुटतो त्या खिडकीकडे. व्हेनेझुएलात गेल्या वीस वर्षांत कोण कसा श्रीमंत झाला आणि कोण कसा बुडाला, हे त्या खिडकीपाशी उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

डिसेंबर २००२ ते फेब्रुवारी २००३ या काळात तिथल्या तेल उद्योगात मोठा संप झाला. डॉलर देशाबाहेर पळू लागले म्हणून तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ऊगो चावेझ यांच्या सरकारने फेब्रुवारी २००३ मध्ये परकीय चलनाची खुली विक्री बंद केली. डॉलर हवा तर कादिवी नावाच्या सरकारी मंडळाकडे अर्ज करायचा. सुरुवातीचा सरकारी भाव एका डॉलरला १,६०० बोलिवार, म्हणजे तिथलं चलन. २००५ पासून तो २,१५० वर ठेवला आणि जवळपास पाच वर्षं तिथेच खिळवून ठेवला. मधल्या काळात देशात महागाई दरसाल दोन आकडी वाढत होती. साहजिकच बाहेरचा भाव भडकला. २००७ च्या अखेरीस तो सरकारी भावाच्या दुपटीच्याही वर गेला होता.

आता याचा अर्थ बघा. दहा लाख डॉलरची यंत्रं मागवतो असा अर्ज केला आणि तो मंजूर झाला, तर २१५ कोटी बोलिवार भरून डॉलर हातात येतात. तेच डॉलर बाहेर दुप्पट भावाने विकले की ४३० कोटी. यंत्र आणलंच नाही तरी चालतं, उलट न आणलं तर जास्त चालतं. गिऱ्हाईक शोधायला नको, माल खपवायला नको, कामगार नकोत. अर्जावर सही करणारा माणूस तेवढा ओळखीचा हवा. फेराच्या, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या परकीय चलन कायद्याच्या काळात बँकेत असलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. बिलात किंमत फुगवायची, माल हलका आणायचा आणि फरक बाहेर ठेवायचा, हे आपल्याकडेही चालत होतंच. म्हणून तर आयातीचे पैसे पाठवल्यावर बँक बिल ऑफ एंट्रीसाठी आयातदाराच्या मागे लागते. माल बंदरात खरोखर उतरला, याचा कस्टम्सचा तो कागद असतो. तो आला नाही की फाइल बंद होत नाही. कंटाळवाणं काम आहे, पण मला ते नेहमी महत्त्वाचं वाटत आलं.

व्हेनेझुएलात हा कागद कुणी नेटाने मागितला नाही. २०१३ मध्ये खुद्द सरकारचे नियोजनमंत्री होर्हे जिओर्दानी म्हणाले की आदल्या वर्षी वाटलेल्या डॉलरपैकी सुमारे २० अब्ज बनावट कंपन्यांच्या घशात गेले असावेत. विरोधकांचा आकडा असता तर मी इथे दिला नसता. हे चावेझच्या सगळ्यात जवळच्या अर्थतज्ज्ञाचं बोलणं आहे.

सेदेन्योवरचा आरोप याच जातीचा होता. मायक्रोस्टार नावाच्या कंपनीने संगणक आयात करण्याच्या नावाखाली २.७ कोटी डॉलर घेतले, संगणक काही आले नाहीत आणि व्यवहाराला त्याच्या बँकेने हात दिला, असं सरकारचं म्हणणं. सेदेन्यो म्हणत होता की आपण सरकारच्या विरोधकांना मदत केली म्हणून हा सूड आहे. खरं काय ते कोर्टाने ठरवायचं होतं. कोर्टात काय झालं, तर तारखेवर तारीख. सरकारी वकील सुनावणीला गैरहजर राहायचे आणि खटला पुढे ढकलला जायचा. तिथल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तेव्हा स्पष्ट तरतूद होती की निकालाशिवाय कुणालाही साधारणपणे दोन वर्षांहून जास्त कोठडीत ठेवता येणार नाही. ती दोन वर्षं २००९ च्या फेब्रुवारीतच उलटली. सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मनमानी अटकेविषयीच्या कार्यगटाने मत दिलं की याची कोठडी मनमानी आहे.

याच सुमाराला दुसरा एक शेठ जमीनदोस्त होत होता, आणि तो सरकारच्या आतल्या गोटातला होता. रिकार्दो फर्नांदेस बारुएको. कुटुंबाचा धंदा कराकसमधल्या पार्किंगच्या जागांचा. पुढे याने मक्याच्या पिठाच्या गिरण्यांत हात घातला. तिकडचं रोजचं खाणं म्हणजे मक्याच्या पिठाची अरेपा, त्यामुळे पीठ ज्याच्या हातात त्याच्या हातात बरंच काही. संपाच्या दिवसांत दुकानं ओस पडली तेव्हा याचे ट्रक सरकारच्या कामी आले. पुढे गरिबांसाठी मेर्काल ही स्वस्त धान्यदुकानांची साखळी निघाली आणि तिला माल पुरवणाऱ्या बड्यांत हा होता. त्याची मालमत्ता दीड अब्ज डॉलरच्या पुढे गेल्याच्या बातम्या येत होत्या. २००९ मध्ये त्याने चार बँका घेतल्या. त्यात कानारियास होती आणि बोलिवार बांकोही होती, म्हणजे सेदेन्योच्या आयुष्यातल्या दोन्ही बँका.

नोव्हेंबर २००९ मध्ये सरकारने चारही बँका ताब्यात घेतल्या. खरेदीचा पैसा आला कुठून ते दाखवता येत नाही, ठेवीदारांचे पैसे आपल्याच कंपन्यांना कर्जाने दिलेत, असे आक्षेप होते. फर्नांदेसला अटक झाली. महिनाअखेरीस दोन बँका गुंडाळायचं ठरलं, दोन सरकारजमा झाल्या. पाठोपाठ आणखी बँका आणि आणखी बँकर. त्यात आर्ने चाकोनही होता, मंत्री हेसे चाकोन यांचा सख्खा भाऊ. मंत्र्यांना ६ डिसेंबरला राजीनामा द्यावा लागला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या असतील, आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. ज्याची ठेव अडकली त्याला शेठ गजाआड गेल्याचं समाधान वाटणारच. पण मला पडणारा प्रश्न वेगळा आहे. चार चार बँका घेईपर्यंत हेच सरकार, हेच बँक नियंत्रक तिथेच बसलेले होते. बँक विकत घेताना पैशाचा स्रोत विचारायचा असतो, ही कुणाला नव्याने सुचलेली गोष्ट नव्हती. परवानगी देताना कागद पाहिले नाहीत आणि मर्जी फिरल्यावर तेच कागद काढले. याला मी न्याय म्हणायला तयार नाही. मेर्कालने गरिबांच्या पोटात अन्न घातलं हे मी मानतो. त्याच गरिबांच्या नावाने एका माणसाला हवं तितकं मोठं होऊ दिलं, हेही तितकंच खरं आहे.

आता १० डिसेंबर २००९. अजून बँकांचा धुरळा बसलेला नाही. कराकसच्या एकतिसाव्या न्यायालयात सेदेन्योची सुनावणी. न्यायाधीश मारिया लुर्देस अफ्यूनी. सरकारी वकील पुन्हा गैरहजर. अफ्यूनीबाईंनी दोन वर्षांची मर्यादा पाहिली, संयुक्त राष्ट्रांच्या कार्यगटाचं मत पाहिलं आणि जामीन दिला. पासपोर्ट जमा, दर पंधरा दिवसांनी हजेरी, देश सोडायचा नाही. खटला चालूच राहणार होता. कुठल्याही न्यायाधीशाने करावं तेवढंच त्यांनी केलं.

सेदेन्यो कोर्टाबाहेर पडला आणि मोटारसायकलवर मागे बसून निघून गेला. काही मिनिटांतच गुप्तचर पोलीस न्यायालयात शिरले आणि त्यांनी अफ्यूनीबाईंना, सोबत कोर्टाच्या कर्मचाऱ्यांनाही ताब्यात घेतलं. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष चावेझ यांनी टीव्हीवरून या बाईंना तीस वर्षांची शिक्षा व्हावी अशी मागणी केली. तीस वर्षं ही तिथल्या कायद्यातली सर्वांत मोठी शिक्षा. त्यानंतर त्या देशातला कोणता न्यायाधीश त्यांना मोकळेपणी जामीन देणार होता?

त्यांना लोस तेकेसच्या महिला तुरुंगात ठेवलं. तिथे त्यांनीच शिक्षा ठोठावलेल्या बायका होत्या. मारण्याच्या धमक्या आल्या. तुरुंगात आपल्यावर बलात्कार झाला, हे पुढे त्यांनी जाहीरपणे सांगितलं. २०११ मध्ये शस्त्रक्रियेनंतर घरात नजरकैद, २०१३ मध्ये सशर्त सुटका. चावेझबद्दल आस्था असणारे अमेरिकी विचारवंत नोम चोम्स्की यांनीही त्यांच्या सुटकेसाठी जाहीर पत्र लिहिलं, त्याने फार फरक पडला नाही. आणि मार्च २०१९ मध्ये, जामीन दिल्याच्या नऊ वर्षांनंतर, पाच वर्षांची शिक्षा. त्यांनी एक पैसाही घेतल्याचा पुरावा नव्हता, तो मिळाला नाही हे सरकारी पक्षालाही मान्य होतं. मग शिक्षा कशाबद्दल, तर ‘आत्मिक भ्रष्टाचारा’बद्दल. हे वाचलं तेव्हा मला संताप आवरेना, आणि आज लिहितानाही आवरत नाही.

सेदेन्यो नऊ दिवसांत अमेरिकेत पोहोचला आणि त्याने आश्रय मागितला. तो निघून गेला हे मला खुपतं. दोन वर्षं दहा महिने कोठडीत काढलेल्या माणसाला पुन्हा त्याच कोर्टावर भरवसा ठेव असं सांगण्याचा अधिकार मला नाही, पण त्याच्या जाण्याची किंमत बाईंनी मोजली हेही विसरता येत नाही. त्याच्या जाण्याने सरकारच्या हातात आयतं कोलीत मिळालं.

माझे काही डावे मित्र म्हणतील की बँकरांचा एवढा कळवळा कशाला. मला सेदेन्योच्या पैशाचा कळवळा नाही आणि फर्नांदेसच्या तर मुळीच नाही. एक सरकारचा विरोधक, एक सरकारचा लाडका. दोघांवरचे आरोप खरे असतील तर दोघांनाही शिक्षा व्हायला हवी होती, उघड्या कोर्टात, वेळेवर, कागद समोर ठेवून. माझा कळवळा अफ्यूनीबाईंबद्दल आहे आणि त्यांच्यानंतर त्या खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाबद्दल आहे. ‘अफ्यूनी परिणाम’ असा शब्दच तिथल्या वकिलांत रुळला. सरकारला नको असलेला निकाल द्यायला न्यायाधीश कचरू लागले. त्याचा फटका मोठ्या शेठांना कमी बसला, कारण त्यांच्यासाठी विमानं असतात, मायामीत घरं असतात. खरा फटका बसला तो पेतारेसारख्या वस्तीतून उचललेल्या पोरांना. त्यांची दोन वर्षं उलटली तरी ती मोजायला कुणी बसलेलं नव्हतं, आणि संयुक्त राष्ट्रांपर्यंत पोहोचणारा वकील त्यांना परवडणारा नव्हता.

आणि त्या २.७ कोटी डॉलरचं काय झालं, संगणक मागवायला मंजुरी कुणी दिली, बंदरातली नोंद कुणी तपासायची होती, या प्रश्नांचा उलगडा शेवटी ज्या खटल्यात व्हायचा होता, तो खटला धड चालवण्यापेक्षा सरकारने न्यायाधीशांना तुरुंगात टाकणं पसंत केलं.