पंधरा वर्षं साइटवर, आणि फॉर्ममध्ये लिहायला काही नाही

"ताई, पीएमपी करायचंय, कुठला क्लास चांगला?" हा मेसेज मला सारखा येतो. पीएमपी म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यांसाठी अमेरिकेतली पीएमआय ही संस्था घेते ती परीक्षा. विचारणारे बहुतेक सिव्हिलचे. कुणी चाकणला इंडस्ट्रियल शेडवर, कुणी पनवेलच्या टॉवरवर, कुणी दोह्यात किंवा दुबईत, जिथे पुढच्या पोस्टसाठी कंपनीनं सर्टिफिकेट मागितलंय. मी क्लासचं नाव सांगण्याआधी एकच विचारते: अर्जात अनुभव काय लिहिणार? उत्तर ठरलेलं असतं. "अनुभव आहे ना, पंधरा वर्षं साइटवरच आहे की."

मग मी म्हणते, लिहून पाठव. आणि दोन आठवडे काहीच येत नाही.

आज त्याबद्दलच लिहायचंय. पीएमपीसारख्या परीक्षा अवघड आहेतच. 2021 च्या आराखड्यात पीएमपीला 180 प्रश्न आणि 230 मिनिटं होती, तेही इंग्रजीतले लांबलचक प्रसंग वाचून. पण आपली माणसं तिथवर पोचण्याआधीच अडकतात, ती पात्रतेच्या पानावर. आणि हा दोष त्यांच्या हुशारीचा अजिबात नाही. आपल्याकडे बांधकामात माणसाच्या कामाची नोंद ठेवायची पद्धतच नाही, तिथे ते अडकतात.

मी ज्या नियमांखाली अर्ज केला ते असे होते. चार वर्षांची पदवी असेल तर प्रकल्प पुढे नेण्याचा 36 महिन्यांचा अनुभव, बारावी किंवा डिप्लोमा असेल तर 60 महिन्यांचा, तोही मागच्या आठ वर्षांतला. शिवाय प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं 35 तासांचं प्रशिक्षण. दोन साइट एकाच वेळी सांभाळल्या असतील तर तो महिना एकदाच धरायचा. (नियम मधूनमधून बदलतात, भरण्याआधी पीएमआयचं चालू हँडबुक स्वतः वाचा. क्लासवाल्याच्या व्हॉट्सॲप मेसेजवर जाऊ नका.) अमेरिकेतली सीसीएम ही खास कन्स्ट्रक्शन मॅनेजरांची परीक्षा. तिला तर 48 महिने असा अनुभव लागतो, ज्यात निर्णयाची जबाबदारी तुमच्यावर होती. डिझाइनच्या आधीपासून हँडओव्हरनंतरपर्यंतच्या टप्प्यांत खर्च, वेळ, गुणवत्ता, करार, सुरक्षितता यातलं तुम्ही नेमकं काय सांभाळलंत, हे तिथे मांडावं लागतं.

मला या अटी रास्त वाटतात. साइटवर हजर असणं आणि साइट चालवणं यात फरक आहे, आणि तो विचारला गेलाच पाहिजे.

अडचण अशी की ज्यांनी खरोखर साइट चालवली त्यांनाही ते सांगता येत नाही. सोलापूरकडचा एक डिप्लोमावाला मुलगा, मुंबईत एका सब-कॉन्ट्रॅक्टरकडे सीनिअर साइट इंजिनिअर. त्यानं पाठवलेलं वर्णन असं: "आरसीसीचं काम पाहिलं, स्टील चेक केलं, लेबर सांभाळलं, बिलं बनवली." एवढंच. मी त्याला फोन केला आणि नुसते प्रश्न विचारत गेले. तळघराचं खोदकाम कधी संपलं? पावसाळ्यात पाणी भरलं, राफ्ट (इमारतीच्या पायाचा जाड स्लॅब) लांबला. मग काय केलंस? डिवॉटरिंगचे पंप वाढवले, आणि पाणी उपसेपर्यंत गँग बसून राहू नये म्हणून पोडियमच्या (टॉवरच्या खालच्या रुंद मजल्यांच्या) बाजूचा पाया, म्हणजे फूटिंग, आधी घेतलं. हे कुणी ठरवलं? "मीच. साहेबांना सांगितलं, ते म्हणाले कर." क्लायंटला कळवलंस? हो, हिंड्रन्स रजिस्टरमध्ये (कामातल्या अडथळ्यांच्या वहीत) नोंद केली, मुदतवाढीचं पत्र त्याच आधारावर गेलं. मग मागे पडलेले दिवस कसे भरून काढलेस? शटरिंगचा (काँक्रीट ओतायच्या साच्याचा) आणखी एक सेट मागवला, त्याचा खर्च काढून मालकांना दाखवला, एका स्लॅबपासून पुढच्या स्लॅबपर्यंतचे दिवस, म्हणजे स्लॅबची सायकल, कमी केली. सेंट्रिंगचा मुकादम मध्येच माणसं घेऊन गावी गेला, तेव्हा दुसरी गँग उभी केली.

आता सांगा, यात काय नाही? कामाचा क्रम बदलणं आहे, धोका ओळखणं आहे, खर्च आणि वेळेचा हिशेब आहे, कराराप्रमाणे नोटीस आहे, माणसं सांभाळणं आहे. जानेवारी 2021 पासूनच्या पीएमपीच्या आराखड्यात 42 टक्के भाग माणसांना धरून काम करण्याचा होता. मुकादम निघून गेल्यावर दुसऱ्या दिवशी साइट चालू ठेवणारा माणूस त्या 42 टक्क्यांतलाच आहे. पण हे सगळं त्याच्या तोंडी "लेबर सांभाळलं" एवढंच राहिलं होतं, कारण त्याला कुणी कधी विचारलंच नव्हतं.

अनेकांना वाटतं की हुद्दा "प्रोजेक्ट मॅनेजर" नसेल तर अर्ज करता येत नाही. तसं नाही. हुद्द्यावर काही लिहिलेलं असो, काम पुढे कुणी नेलं हे विचारलं जातं. तुम्ही प्लॅनिंगला असा, बिलिंगला असा, साइटवर असा, तुमच्या भागाची जबाबदारी तुमच्याकडे होती आणि निर्णय तुम्ही घेतलेत तर ते लिहा. मात्र शब्द स्वतःचे हवेत. प्रकल्पाचा उद्देश काय होता, तुमची भूमिका काय, काय अडलं, तुम्ही काय केलंत, शेवटी काय झालं.

इथे बायकांबद्दल बोलायलाच हवं. सिव्हिल झालेल्या कितीतरी मुलींना पहिल्याच दिवशी ऑफिसात बसवलं जातं: "साइटवर तुला त्रास होईल, तू क्वांटिटी काढ." आठ-आठ वर्षं त्या बीओक्यू (कामांची आणि मापांची यादी), आरए बिलं (काम चालू असताना टप्प्याटप्प्यानं काढायची बिलं), स्टीलचं रिकन्सिलिएशन (आलेल्या आणि वापरलेल्या मालाचा ताळमेळ), सब-कॉन्ट्रॅक्टरची देणी हे सगळं एकहाती सांभाळतात. प्रकल्पाचा पैसा त्यांच्या टेबलावरून जातो. आणि अर्जाची वेळ आली की त्याच म्हणतात, "माझा कुठे साइटचा अनुभव आहे." त्यात बाळंतपणासाठी तीन-चार वर्षं नोकरी सुटलेली असली तर आधीचे महिने त्या आठ वर्षांच्या बाहेर सरकत जातात. माझं मत स्पष्ट आहे: खर्चाची जबाबदारी ही जबाबदारीच आहे, ती संकोच न करता लिहा. आणि ब्रेक घेणार असाल, महिने पुरे होत असतील, तर अर्ज ब्रेकच्या आधी करा. 35 तासांचं प्रशिक्षण एकदा झालं की शिळं होत नाही, अनुभवाचे महिने मात्र होतात.

आता ज्याचा मला मनापासून राग येतो ते. "फॉर्म आम्ही भरून देतो" म्हणणारे क्लास. महिन्याच्या पगाराएवढी फी घ्यायची आणि सगळ्यांच्या अर्जात तेच चार परिच्छेद, फक्त प्रकल्पाचं नाव बदललेलं. दोन वर्षं झालेल्या मुलाला पाच वर्षांचा अनुभव लिहून द्यायचा. त्यातले काही अर्ज ऑडिटसाठी, म्हणजे कागदपत्रांच्या पडताळणीसाठी, निवडले जातात. मग पदवीची प्रत, प्रशिक्षणाचा दाखला आणि प्रत्येक प्रकल्पासाठी तेव्हाच्या वरिष्ठांची सही, हे सगळं 90 दिवसांत द्यावं लागतं. ज्याचं खोटं आहे त्याचं तिथे संपतं. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की हे खोटं शेवटी साइटवर येतं. ज्यानं कधी काँक्रीट ओतण्याचं नियोजन केलेलं नाही तो सर्टिफिकेट दाखवून टॉवरचा इनचार्ज होतो, आणि खाली उभ्या असलेल्या माणसांच्या जिवाची जबाबदारी त्याच्याकडे जाते. मी असे अर्ज तपासून देत नाही. कुणी कितीही जवळचं असलं तरी नाही.

आणि ऑडिटमध्ये खऱ्या माणसांचेही हाल होतात. सही कोण देणार? जुनी कंपनी बंद पडलेली. साहेब आता मस्कतला. मालक म्हणतात, "तू सोडून गेलास, आता कशाला पत्र?" ज्या माणसानं तुमच्या इमारतीचा राफ्ट पावसाळ्यात वाचवला, त्याला एक पत्र द्यायला इतकं जड जावं?

महाराष्ट्रात 2023 पासून फ्लॅट विकणाऱ्या एजंटाला महारेराची परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावं लागतं. चांगलं झालं. आर्किटेक्टसाठी 1972 चा कायदा आहे. वायरमनला परवाना लागतो. परवानगीच्या कागदांवर स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि साइट सुपरवायझर यांची नावं येतात. पण त्याच इमारतीचा वेळ, खर्च, करार आणि रोजचं काम ज्याच्या हातात असतं, त्याला कुठलीही परीक्षा सक्तीची नाही. इंजिनिअरांसाठी देशपातळीवर आर्किटेक्टसारखा नोंदणीचा कायदाच नाही. म्हणून आपली मुलं परदेशी संस्थांच्या परीक्षांकडे वळतात, आणि त्या संस्था बरोबर तोच कागद मागतात जो आपल्याकडे कुणी देत नाही. उद्या इथे स्वतःची परीक्षा आली तरी पात्रता ठरवायला हाच अनुभवाचा कागद लागणार. त्याची सवय आत्ताच लावायला हवी.

त्यामुळे कॉन्ट्रॅक्टर, बिल्डर, पीएमसी (प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार कंपन्या) चालवणाऱ्या मंडळींना माझी विनंती. दरवर्षी अप्रेझलच्या वेळी प्रत्येक इंजिनिअरला अर्ध्या पानाचं पत्र द्या: प्रकल्प कोणता, कधीपासून कधीपर्यंत, कोणत्या भागाची जबाबदारी, हाताखाली किती माणसं, कोणत्या वरिष्ठाच्या हाताखाली. "ही वॉज सिन्सिअर अँड हार्डवर्किंग" या ओळीचा कुठेच उपयोग होत नाही. माणूस शिकला तर सोडून जाईल ही भीती मला अनेक मालकांच्या तोंडून ऐकायला मिळते. पत्र न दिल्यानं तो थांबत नाही, फक्त नाराज होऊन जातो.

आणि तुम्ही, जे साइटवर आहात. कंपनीचे ड्रॉइंग, डीपीआर (रोजच्या कामाचा अहवाल), मेजरमेंट बुक (मापांची वही) घरी आणू नका, ते तुमचं नाही. पण स्वतःची एक वही तुमची असू शकते. महिन्याच्या शेवटी दहा ओळी: या महिन्यात काय ठरवलं, काय अडलं, कसं सोडवलं, कुणाला कळवलं. ज्या वरिष्ठांच्या हाताखाली काम केलंत त्यांचा चालू नंबर आणि ईमेल ठेवा. साइट सोडताना, हिशेब होण्याआधी, पत्र मागून घ्या.

वर्णनाचा पहिला मसुदा मराठीत लिहिलात तरी चालेल, मला मेसेज करा, मी वाचून प्रश्न विचारीन. रविवारी वेळ असतो.